सिग्नल सुटला की गाडी बंद पडते, नाहीतर उडी मारते: क्लच नेमका कुठे बिनसतो?

तक्रार जवळजवळ सगळ्यांची सारखीच असते. ड्रायव्हिंग स्कूलचा कोर्स झाला, लायसन्स हातात आलं, रविवारी सकाळी मोकळ्या रस्त्यावर गाडी बरी चालते. सोमवारी सिग्नल सुटला की पहिल्या गिअरमधून निघताना ती एकतर बंद पडते, नाहीतर गचकन उडी मारते. मागून हॉर्न सुरू झाले की दुसऱ्या खेपेलाही तेच. काहींचं हे महिन्याभरात आपोआप सुटतं. काहींचं वर्ष उलटलं तरी सुटत नाही. मध्ये चार दिवस बरे जातात आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. हे लिखाण त्या दुसऱ्या गटासाठी आहे.

आधी एक स्पष्ट करतो. आपल्याकडे नव्याने शिकणाऱ्याच्या हाती बहुतेक वेळा एक ते सव्वा लिटरची साधी पेट्रोल गाडी असते: वॅगन आर, स्विफ्ट, आय-टेन, टियागो यांच्यातलं काहीतरी. खालचे आकडे अशा गाड्यांना धरून आहेत. डिझेल आणि टर्बोवाल्यांसाठी मध्ये दोन ओळी येतील.

कोर्समध्ये जमत होतं, मग आता काय झालं?

कोर्समध्ये क्लच तुम्ही एकटे सांभाळत नव्हता. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ प्रमाणे स्कूलच्या गाडीला दुहेरी कंट्रोल लागतो. व्यवहारात याचा अर्थ शिकवणाऱ्याच्या पायाशी एक ब्रेक आणि एक क्लच. गाडी धडधडायला लागली की सर खिडकीबाहेर बघत बघतच पायाने क्लच थोडा दाबतात, गाडी वाचते आणि तुम्हाला वाटतं आपण वाचवली. दोन्ही पेडलं जोडलेली असतात, त्यामुळे लक्ष दिलं तर आपल्या पायाखालचं पेडल आपण न दाबताच किंचित खाली गेल्याचं कळतं. पण त्या वेळी लक्ष समोरच्या रिक्षाकडे असतं. सरांचंही चुकत नाही, भर चौकात शिकाऊ गाडी बंद पडू देऊन त्यांचं कसं चालेल? फक्त एवढंच होतं की जी एक गोष्ट पायाने शिकायची, ती नेमकी दुसऱ्याच्या पायाने होत राहते.

कोर्स अजून सुरू असेल तर सरांना सरळ सांगा की आज मैदानात एक तास तुमचे पाय मागे घ्या, गाडी बंद पडली तर पडू दे. चांगला शिकवणारा आनंदाने तयार होतो.

‘क्लच हळू सोड’ हा सल्ला अर्धाच आहे

घरचे, शेजारचे, सोसायटीचा वॉचमन, सगळे हेच सांगतात. आणि हळू सोडूनही गाडी बंद पडते, म्हणून माणूस खचतो. हळू सोडण्यापेक्षा मध्ये *थांबणं* महत्त्वाचं आहे. का, ते आकड्यांतून बघा.

इंजिनाबरोबर फिरणारं चाक म्हणजे फ्लायव्हील. त्याला भिडणारी क्लच प्लेट गिअरबॉक्समार्फत गाडीच्या चाकांशी जोडलेली असते. पेडल दाबलेलं असताना दोघं सुटे. सोडलं की प्रेशर प्लेट त्यांना एकमेकांवर दाबून धरते. गाडी उभी आहे आणि इंजिन आयडलला आहे (रेस न देता नुसतं चालू), म्हणजे फ्लायव्हील मिनिटाला साधारण ८०० फेऱ्या मारतंय आणि क्लच प्लेट जागच्या जागी. या दोघांचा वेग एक होईपर्यंत प्लेट घासतच फिरणार, त्यालाच आपण हाफ क्लच म्हणतो. हे घासणं वाईट नाही, क्लच त्यासाठीच बनवलाय. वाईट असतं ते विनाकारण मिनिटभर घासत ठेवणं.

आता किती वेळ घासू द्यायचं? छोट्या गाडीत पहिल्या गिअरला इंजिनाच्या चौदा-पंधरा फेऱ्या होतात तेव्हा चाक एकदा फिरतं. चाकाचा घेर पावणेदोन मीटरच्या आसपास. म्हणजे ८०० आरपीएमला (मिनिटाला ८०० फेऱ्यांना) गाडीचा वेग निघतो ताशी ६ किमीच्या जवळपास, झपझप चालणाऱ्या माणसाइतका. गाडी यापेक्षा कमी वेगात असताना क्लच पूर्ण सोडला, तर चाकं इंजिनाला ८०० च्या खाली खेचतात. ते थरथरतं, धडधडतं आणि बंद पडतं. शून्यापासून ताशी ६ किमीपर्यंत यायला, आरामात निघालं तर, दीड ते तीन सेकंद लागतात आणि तेवढ्यात गाडी एक ते तीन मीटर पुढे सरकते. तेवढा वेळ आणि तेवढं अंतर पाय, क्लच जिथे घासायला लागतो, त्या जागेवर थांबलेला हवा.

शिकाऊ पाय काय करतो? पेडलचा खालचा भाग रिकामा असतो, तिथे काहीच घडत नाही. मधला बोट-दोन बोटांचा पट्टा कामाचा. त्याच्या वरचा भाग पुन्हा रिकामा. ‘हळू सोड’ डोक्यात बसलेला माणूस खालच्या रिकाम्या भागातच तीन सेकंद घालवतो. तोवर मागचा हॉर्न देतो. घाईत पाय मधल्या पट्ट्यातून भर्रकन निघून जातो. किंवा गाडी जरा हलली की ‘सुटलो’ असं वाटून पाय वर येतो. गाडी तेव्हा ताशी दोन किमीवर असते.

म्हणून पहिला प्रश्न स्वतःला विचारा: गाडी हलण्याआधी बंद पडते की हलल्यावर? मी ज्यांच्या शेजारी बसलोय त्यांतल्या बहुतेकांची ती वीतभर पुढे जाऊन मग बंद पडते. त्यांना क्लचची जागा सापडलेली असते, फक्त ते तिथे थांबत नाहीत. जागेवरच बंद पडत असेल तर मात्र ती जागाच सापडलेली नाही, किंवा हँडब्रेक ओढलेला राहिलाय. हँडब्रेकचं हसण्यावारी नेऊ नका, अर्धा ओढलेला राहणं फार होतं. डॅशबोर्डवरचा लाल दिवा आधी बघा.

सरावाची पद्धत: उजवा पाय बाजूला

सपाट जागा हवी. खरंच सपाट, डोळ्यांना सपाट वाटणारे बरेच रस्ते एका बाजूला उतरते असतात. न्यूट्रलमध्ये ब्रेक सोडून गाडी कुठे जाते का पाहिलं की कळतं. इंजिन चार-पाच मिनिटं चालून गरम झालेलं असू द्या आणि एसी बंद ठेवा, कारण कॉम्प्रेसर मध्येच चालू-बंद होतो आणि इंजिनाचा आवाज बदलतो. आपल्याला तर आवाजच ऐकायचाय.

ब्रेक दाबून, क्लच तळापर्यंत दाबून पहिला गिअर टाका. अ‍ॅक्सिलेटरला हातसुद्धा, म्हणजे पायसुद्धा, लावायचा नाही. क्लच खालच्या रिकाम्या भागातून बेतानं वर आणा आणि लक्ष तीन ठिकाणी ठेवा: इंजिनाचा आवाज किंचित जड होतो, आरपीएमचा काटा थोडा खाली झुकतो आणि स्टिअरिंगवर बारीक थरथर येते. तिन्ही एकदमच येतात. तिथे पाय गोठवा. आता ब्रेक सोडा. गाडी स्वतःहून सरकायला लागेल. क्लच अजिबात हलवू नका, गाडी तिच्या निम्म्या लांबीएवढी पुढे जाऊ दे. मग उरलेला क्लच सोडून द्या, तोही गडबड न करता. गाडी ताशी सहा-सातच्या वेगाने शांत चालत राहील. क्लच दाबा, ब्रेक लावा, थांबा. पुन्हा.

अ‍ॅक्सिलेटरशिवाय गाडी कशी निघेल, असं जुनी माणसं हमखास विचारतात, आणि त्यांचंही बरोबर आहे. पद्मिनी किंवा कार्बोरेटरची मारुती ८०० ज्यांनी चालवली त्यांच्या गाडीला रेस दिल्याशिवाय उचल नव्हती. मारुती ८०० मध्ये फ्युएल इंजेक्शन आलं ते २००० च्या सुमारास. आताच्या गाड्यांत इंजिनावर ओझं आलं की कॉम्प्युटर स्वतःच थोडं जास्त हवा-पेट्रोल देऊन आयडल सांभाळतो, म्हणून सपाटीवर ती बिनरेसची निघते. काकांचा ‘रेस दे, रेस दे’ हा सल्ला त्यांच्या गाडीपुरता खरा होता. डिझेल गाडी तर आयडललाच इतकी जोरकस असते की हा सराव तिच्यावर आणखी सोपा जातो. एक लिटरची टर्बो पेट्रोल असेल तर उलट. टर्बो जागा होईपर्यंत ती खालच्या आरपीएमला मरगळलेली असते, तेव्हा काटा १२०० च्या आसपास राहील एवढी हलकी रेस आधीपासून धरून ठेवा.

हा सराव कंटाळवाणा आहे. पण उजवा पाय वगळल्यामुळे डाव्या पायाला काय चुकतंय ते लपत नाही. सलग दहा वेळा गाडी विनागचका निघाली की मगच अ‍ॅक्सिलेटर आणा. आणताना क्रम असा: आधी काटा १२०० ते १५०० वर स्थिर करा, मग क्लच त्या जागेपर्यंत आणा, थांबा, गाडीने वेग घेतला की सोडा. थोडा क्लच, थोडी रेस, पुन्हा थोडा क्लच असं दोन्ही पायांनी झोका खेळत बसलं की कोणत्या पायामुळे काय झालं ते कधीच कळत नाही.

सीट, चप्पल आणि मॅट

कुणी याकडे बघतच नाही. क्लच तळाला टेकवल्यावर गुडघा किंचित वाकलेला राहिला पाहिजे. सीट मागे असेल तर पाय ताणून, बोटांच्या टोकाने पेडल सोडावं लागतं आणि त्या मधल्या पट्ट्यात नेमकी पकड जाते. पाय त्या पट्ट्यात आला की टाच जमिनीला टेकवा आणि घोट्यातून सोडा. टाच अधांतरी असली की सगळा पाय मांडीपासून उचलला जातो, मग बोटभर हलवायचं तिथे चार बोटं हलतो. उंची कमी असेल तर सीट पुढे आणि वर. स्टिअरिंग जवळ आलं म्हणून लाजू नका.

जाड तळव्याच्या स्पोर्ट्स शूजमधून पेडल कळत नाही. पावसात ओली चप्पल सटकते. पातळ, सपाट तळव्याचा बूट बरा.

आणि मॅट. गाडी घेतली की लोक हौसेनं ते जाड सेव्हन-डी मॅट टाकून घेतात. त्याची कड क्लचच्या पेडलखाली आली की पेडल तळाला पोचण्याआधीच मॅटवर टेकतं. तुम्हाला वाटतं क्लच पूर्ण दाबलाय, तो असतो थोडा कमी. मग पहिला गिअर टाकताना अडतो, रिव्हर्स कर्रकन वाजतो, आणि ब्रेक सोडला तर गाडी क्लच दाबलेला असूनही पुढे रेंगाळते. गॅरेजला जायच्या आधी हाताने पेडल तळापर्यंत दाबून मॅट आड येतंय का ते बघा.

मैदानात जमतं, सिग्नललाच का बिघडतं?

लोक म्हणतात टेन्शन येतं. येतंच. पण मला यात पायाचा थकवा जास्त दिसतो. नवा चालक सिग्नलला गाडी पहिल्या गिअरमध्ये घालून, क्लच तळाला दाबून उभा राहतो, आयत्या वेळी गिअर सापडला नाही तर काय या भीतीने. पुण्यातल्या मोठ्या चौकांत ९० सेकंद, कधी त्याहून जास्त वेळ असं बसावं लागतं. स्प्रिंगच्या विरुद्ध दीड मिनिट दाबून धरलेला पाय हिरवा दिवा लागेपर्यंत थरथरायला लागलेला असतो. थरथरणाऱ्या पायाने बोटभर पट्टा कसा सापडणार? मैदानात पाय ताजा असतो म्हणून जमतं. शिवाय एवढा वेळ क्लच दाबून ठेवल्याने रिलीज बेअरिंगवर, म्हणजे पेडल दाबलं की प्रेशर प्लेटला ढकलणाऱ्या भागावर, ताण येतो तो वेगळाच.

थांबलात की न्यूट्रल, हँडब्रेक, आणि डावा पाय बाजूला काढून खाली ठेवा. आकडे उलटे मोजणारा सिग्नल असेल तर पाच-सहा उरले की ब्रेकवर पाय ठेवून हँडब्रेक सोडा, क्लच दाबा, पहिला टाका, क्लच त्या जागेच्या अलीकडे आणून ठेवा. दिवा लागताच काम फक्त अर्ध्या बोटाचं उरतं.

त्यातूनही बंद पडली तर? लोक इथे फार वेळ घालवतात: न्यूट्रल शोधायचा, हँडब्रेक ओढायचा, किल्ली मागे फिरवायची, पुढे फिरवायची, परत पहिला. एवढ्यात मागची अख्खी रांग बोंबलते. क्लच तळाला, ब्रेक दाबलेला, गिअर पहिल्यातच राहू दे आणि सरळ स्टार्टर मारा. क्लच पूर्ण दाबलेला असला की गिअरमध्ये असूनही गाडी चालू होते. अनेक नव्या गाड्या तर क्लच दाबल्याशिवाय चालूच होत नाहीत. हे मैदानात मुद्दाम गाडी बंद पाडून करून बघा. बंद पडल्यावर तीन सेकंदांत निघता येतं हे एकदा पायाला कळलं की बंद पडण्याची धास्ती निम्मी होते.

शेजारी बसणाऱ्यासाठी एक विनंती. “क्लच! क्लच!” असं ओरडू नका. दाबायचा की सोडायचा? ऐकणारा दरवेळी उलटंच करतो. “दाब” किंवा “सोड” म्हणा, नाहीतर गप्प बसा. नवराबायकोची अर्धी भांडणं इथेच टळतील.

बंद पडत नाही, पण गचके देते

हा वेगळा रोग आहे. गाडी निघते, झटका बसतो, मान मागे जाते, पुन्हा पुढे येते, पुन्हा झटका, असे चार-पाच. पहिला झटका क्लच लवकर सुटल्याचा. पुढचे बहुतेक उजव्या पायाचे असतात. शरीर मागे फेकलं गेलं की पाय अ‍ॅक्सिलेटरवरून उचलला जातो, शरीर पुढे आलं की पाय पुन्हा दाबला जातो, आणि गाडी त्याच तालात उड्या मारते. अशा वेळी ब्रेक मारायचा नाही. क्लच पूर्ण दाबा, झटके त्याच क्षणी थांबतात. मग परत त्या जागेवरून सोडा. उजव्या बुटाची कड दाराकडच्या भिंतीला टेकेल असा पाय ठेवला तर तो झटक्याबरोबर नाचत नाही.

पहिल्यावरून दुसऱ्यावर जातानाचा गचका आणखी वेगळा. ताशी २० ला पहिल्या गिअरमध्ये काटा असतो २६००-२७०० वर, तोच वेग दुसऱ्या गिअरला मागतो साधारण १५००. म्हणजे गिअर बदलताना काट्याला हजारभर खाली यायचंय. रेस न सोडता क्लच सोडला तर काटा वरच असतो, गाडी पुढे उसळते. गिअर शोधण्यात वेळ गेला तर काटा ८०० पर्यंत घसरतो आणि क्लच सोडताच गाडी अडखळते, जणू कुणी ब्रेक मारला. रेस सोडणं आणि क्लच दाबणं एकाच वेळी, गिअर विनाघाई पण न रेंगाळता, आणि क्लच मधल्या पट्ट्यात क्षणभर अडवून सोडायचा. इथे तीन सेकंद थांबायची गरज नाही, एक श्वास पुरे.

दुसऱ्यावरून पहिल्यावर मात्र चालत्या गाडीत येऊ नका. ताशी २० ला ते केलं तर काटा १५०० वरून २७०० कडे ओढला जातो आणि मागे बसलेल्यांचं डोकं पुढच्या सीटवर. दुसऱ्या गिअरला आयडलवर गाडी साधारण ताशी ११ किमीने चालते, त्यामुळे गतिरोधकावर वेग दहा-बारापर्यंत उतरला तरी दुसरा पुरतो. त्याखाली गेलात तर क्लच दाबून, गाडी जवळपास थांबवून मग पहिला.

थांबताना बरेच जण आधी क्लच दाबतात आणि मग ब्रेक. क्लच दाबला की इंजिनाची रोख सुटते, गाडी जास्त पळाल्यासारखी वाटते आणि घाबरून ब्रेक जोरात लागतो. आधी ब्रेक, वेग दहाच्या खाली आला की क्लच.

चढ: बेसमेंटची रॅम्प आणि घाट

ज्यांना सपाटीवर जमतं त्यांचीही गाडी इथे मागे येते. सोसायटीच्या बेसमेंटमधून वर येताना रॅम्पच्या मध्यावर पुढची गाडी थांबते, मागे शेजाऱ्याची नवी कोरी गाडी, दोन्ही बाजूंना भिंत. यावरचा सगळ्यात चांगला उपाय ड्रायव्हिंगमध्ये नाही: पुढची गाडी वर जाऊन वळेपर्यंत खालीच सपाटीवर थांबा.

थांबावंच लागलं तर हँडब्रेक. पायाच्या ब्रेकने गाडी थांबवा, हँडब्रेक पक्का ओढा, पहिला गिअर, काटा १५०० ते १८०० वर स्थिर, मग क्लच त्या जागेपर्यंत. चढावर खूण सपाटीपेक्षा ठळक येते. बॉनेट किंचित उचलल्यासारखं होतं, गाडी मागच्या बाजूला बसते आणि हँडब्रेकला ओढ लागते. आता बटण दाबून हँडब्रेक सावकाश खाली. गाडी जागेवर उभी राहिली किंवा पुढे सरकली तर बरोबर. मागे आली तर हँडब्रेक परत ओढा, क्लच अजून किंचित वर घ्या. मागे येतेय म्हणून घाबरून क्लच सोडून देणं हीच इथली मोठी चूक. चढावर गाडीचं वजनही मागे खेचत असतं, त्यामुळे वेग यायला जास्त वेळ लागतो, आणि म्हणून त्या जागेवर थांबायचंही जास्त वेळ.

हिल होल्ड असलेल्या गाड्यांचे मालक म्हणतात, आमच्याकडे ते आहे तरी गाडी मागे येते. कारण ती सोय ब्रेक सोडल्यावर साधारण दोन सेकंदच गाडी धरते. नवा चालक ब्रेक सोडतो, *मग* क्लचची जागा शोधायला लागतो, आणि दोन सेकंद शोधण्यातच संपतात. ब्रेकवर पाय असतानाच क्लच त्या जागेपर्यंत आणून ठेवा, मग ब्रेक सोडा, मग रेस.

क्लचवर गाडी चढावर तोलून धरणं, म्हणजे ब्रेक न लावता थोडी रेस आणि हाफ क्लच, हे काहींना फार कौशल्याचं वाटतं. लाँग वीकेंडला बोरघाटात किंवा खंबाटकीत रांग लागली की अशा गाड्यांतून जळका, उग्र वास येतो. तो वास प्लेटच्या अस्तराचा. आला तर बाजूला घेऊन न्यूट्रलमध्ये पंधरा-वीस मिनिटं गाडी थंड होऊ द्या. रांगेत पुढच्या गाडीला चिकटून राहायचा मोह सोडा, दोन गाड्यांएवढी जागा तयार होऊ द्या, मग पहिल्या गिअरला निघून क्लचवरून पाय पूर्ण काढा आणि आयडलवर गाडी चालू द्या. त्या जागेत कुणीतरी घुसेल. घुसू द्या.

लायसन्सच्या परीक्षेलाही हे येतं. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या १५ व्या नियमात चालकाकडून काय काय करून घ्यायचं ते दिलंय, त्यात चढावर उभी केलेली गाडी मागे न जाऊ देता पुढे काढणं आहे. पुण्यात भोसरीजवळच्या आयडीटीआरला (ड्रायव्हिंग प्रशिक्षण आणि संशोधन संस्थेत) परीक्षा असेल तर चढाचा ट्रॅक हँडब्रेकनेच करा, तिथे शौर्य दाखवायला जाऊ नका.

दोष गाडीचा असेल तर

आधी स्वतःच्या पायावर संशय घ्यावा, पण पाय सुधारूनही काही खुणा राहत असतील तर गाडी बघा.

क्लच अगदी वर आल्यावरच पकडतो, आणि तिसऱ्या-चौथ्या गिअरला रेस दिली की काटा चढतो पण गाडी वेग घेत नाही: प्लेट घसरतेय. घरच्या घरी तपासायचं तर मोकळ्या जागेत हँडब्रेक पक्का ओढून, ब्रेक दाबून, तिसऱ्या गिअरला क्लच सोडा. चांगला क्लच इंजिन लगेच बंद पाडतो. इंजिन चालूच राहिलं तर प्लेट संपत आलीय. ही चाचणी एकदाच करायची, पाहुण्यांना दाखवायला नाही.

तळाला दाबूनही गिअर अडतात आणि मॅटचा प्रश्न नाही, तर केबलवाल्या गाडीत केबल ढिली झाली असेल. हायड्रॉलिक क्लच असेल आणि पेडल मऊ, पोकळ लागत असेल तर तेल गळतंय का ते बघायला लावा. नुसता रिव्हर्सच वाजत असेल तर घाबरू नका. पुष्कळ गाड्यांत रिव्हर्सला सिंक्रोनायझर (गिअर जुळण्याआधी त्यांचा वेग सारखा करणारा भाग) नसतो, क्लच दाबून दोन सेकंद थांबून टाकला की गपचूप पडतो.

पावसाळ्यात गाडी दोन-चार दिवस उभी राहिली की सकाळी पहिल्या एक-दोन वेळा निघताना थरथर येते. दमटपणामुळे पृष्ठभागावर बारीक गंज धरतो, तो घासून जातो. दिवसभर, गरम झाल्यावरही तशीच थरथर राहिली तर मात्र प्लेट, प्रेशर प्लेट किंवा इंजिनाचे माउंटिंग तपासावे लागतील.

गॅरेजमध्ये नुसतं “क्लच खराब झालाय” म्हणून गाडी देऊन येऊ नका. क्लच बदलायचा म्हणजे गिअरबॉक्स खाली उतरवावा लागतो; प्लेट, प्रेशर प्लेट आणि बेअरिंग असा सगळा सेट एकदमच टाकतात, आणि मजुरी दोनदा पडू नये म्हणून तेच शहाणपणाचं. खर्च मोठा आहे. म्हणून मेस्त्रीला नेमकं सांगा: कोणत्या गिअरला, थंड असताना की गरम झाल्यावर, सपाटीवर की चढावर, वास येतो की नाही. मग त्याला शेजारी बसवून तुम्ही एक फेरी मारा आणि नंतर त्याला चालवायला देऊन तुम्ही शेजारी बसा. चढावरून न्यायला सांगा. त्याच्या पायाखाली गाडी गपगुमान निघाली, काटा आणि वेग बरोबरीने चढले, वास आला नाही, तर प्लेट बदलून घेऊ नका. किल्ली परत घ्या आणि सपाट जागा शोधा.